लॅपटॉपच्या जोडीला (भाग ७) : आधी झेरॉक्स, मग टॅब्लेट

या आठवड्यात पेनांबद्दल लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण बदलापूर पूर्वेहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे आणि त्यांचा प्रश्न पेनाच्या आधी सुटायला हवा.

ताई फोर्टला हिशेब तपासणीचं काम करतात. सकाळी बदलापूर लोकल धरतात. अंबरनाथ-उल्हासनगरची मंडळी डाउन गाडीने आधीच येऊन बसलेली नसली तर जागा मिळते, निदान चौथी सीट तरी. सीएसएमटीपर्यंत ६८ किलोमीटर, म्हणजे वाचायला सव्वा-दीड तास. लॅपटॉप उघडायचा तर समोर उभ्या असलेल्यांच्या पोटाला लागतो. त्या विचारतात, ‘८.७ इंची टॅब्लेट पर्समध्ये मावतो, स्वस्तही आहे. ऑफिसचे कागद त्यावर वाचता येतील ना?’

दुकानात हा प्रश्न विचारला तर उत्तरात रॅम, प्रोसेसर आणि कॅमेरा येतो. पण ज्याच्याकडे लॅपटॉप आहे त्याला टॅब्लेट लागतो कागदाच्या जागी. टायपिंग, टॅली, एक्सेल लॅपटॉपवर होतंच. वाचायचा, खुणा करायचा, हातात धरून दुसऱ्याला दाखवायचा कागद तेवढा टॅब्लेटवर यायला हवा. तेव्हा मोजायचं ते हे, की आपला कागद त्या पडद्यावर केवढा दिसतो. या एका मुद्द्यावर आजचा सगळा भाग खर्च करणार आहे, आणि तो खर्च मला योग्य वाटतो.

ए-४ कागद २१० मिलिमीटर रुंद आणि २९७ लांब. टॅब्लेटचा पडदा मोजतात तसा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरका मोजला तर हा कागद १४.३ इंची भरतो. म्हणजे बाजारातल्या बहुतेक टॅब्लेटवर तो आक्रसूनच दिसणार. किती आक्रसतो? ११ इंची, १६:१० प्रमाणाचा टॅब्लेट उभा धरला की त्याची रुंदी १४८ मिलिमीटर येते. आता ए-५ कागदाची रुंदी पाहा. तीही १४८! अकरा इंची टॅब्लेटवर ए-४चं पान बरोबर ए-५ होऊन दिसतं, मधोमध घडी घातलेल्या कागदाएवढं.

घडी घातली तरी कागदाचं प्रमाण बदलत नाही, ही ए मालिकेची खुबी. लांबी रुंदीच्या १.४१४ पट, म्हणजे दोनच्या वर्गमुळाएवढी ठेवली तरच हे जमतं. लिश्टेनबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने १७८६ सालच्या एका पत्रात हे मांडलं होतं आणि १९२२ मध्ये जर्मनीने त्यावरून कागदाची मापं ठरवली. आज आपल्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याच्या मशीनवर ‘७१ टक्के’ हा आकडा असतो तो त्याच वर्गमुळातून आलेला, ए-४ला ए-५ करणारा.

म्हणून टॅब्लेट घ्यायच्या आधी झेरॉक्सच्या दुकानात जा. रोजच्या कामातला सगळ्यात किचकट कागद न्या, बँकेचं स्टेटमेंट किंवा बारीक टायपातलं करारपत्र. त्याची ७१ टक्क्यांवर प्रत काढा. तोच कागद ५४ टक्क्यांवर काढा, ८.७ इंची टॅब्लेटची रुंदी जेमतेम ११३ मिलिमीटर असल्याने त्यावर पान एवढंच दिसतं. तिसरी प्रत ८८ टक्क्यांवर, ती १२.९ इंची आयपॅडची. तिन्ही कागद आठवडाभर गाडीत वाचा. संध्याकाळच्या परतीच्या गाडीत, डोळे थकलेले असताना, आवर्जून वाचा. गेली कित्येक वर्षं मी सल्ला मागणाऱ्या प्रत्येकाला हेच करायला लावतो. पाच-दहा रुपयांत जे कळतं ते दुकानातल्या उजळ पडद्यावर दोन मिनिटं बोट फिरवून कळत नाही.

ताई, ५४ टक्क्यांवर १२ पॉइंटचं अक्षर साडेसहा पॉइंटचं होतं. औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेल्या माहितीपत्रकाएवढं. इंग्रजी आकडे डोळे ताणून वाचाल, पण मराठी कागद आला की अनुस्वार आणि रफार आधी नाहीसे होतात. देवनागरीत शिरोरेघेच्या वर आणि खाली बरंच काही चालू असतं, त्यामुळे तिला रोमन लिपीपेक्षा जास्त जागा लागते. सातबारा, खरेदीखत, पालिकेच्या नोटिसा वाचणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. बोटांनी पान मोठं करता येतं हे खरं, पण प्रत्येक ओळीसाठी पान डावी-उजवीकडे सरकवत कोणीही शंभर पानं वाचत नाही.

अकरा इंचीला मात्र एक मोठी सवलत आहे. ऑफिसच्या बहुतेक कागदांना चारही बाजूंना इंच-इंच समास असतो. पीडीएफच्या काही ॲपमध्ये हा समास कापून पान दाखवायची सोय असते. ती लावली की त्याच पडद्यावर मजकूर ९० टक्क्यांपर्यंत जातो, आणि पानही पूर्ण मावतं. ॲप निवडताना ही सोय आहे का ते आधी बघा.

वजनाचं म्हणाल तर ए-४चा ८० जीएसएमचा एक कागद पाच ग्रॅमचा. अकरा इंची टॅब्लेट पाचशे ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे शंभर पानांची फाइल. ती आपण एका हातात धरतो, बसूनही आणि उभ्यानेही. १२.९ इंची आयपॅड प्रो वजनाला एकशे पस्तीस पानांचा. घरी टेबलावर उत्तम, गाडीत मनगट दुखवतो.

प्रमाणाचाही विचार हवा. जुन्या आयपॅडचा पडदा ४:३, म्हणजे १.३३, वनप्लस पॅडचा ७:५, म्हणजे १.४, ए-४च्या अगदी शेजारी. ए-४वरच काम असेल तर हे रुंद पडदे जागा वाया घालवत नाहीत. मग लांबोडका १६:१० कोणासाठी? याचं उत्तर मला उल्हासनगरच्या एका वकिलांच्या टेबलावर मिळालं. कॅम्पातल्या जागांच्या सनदा, विस्थापितांच्या पुनर्वसनाच्या १९५४च्या कायद्याखालचे कागद, त्यानंतरची खरेदीखतं असं त्यांचं काम. दस्ताचा कागद लीगल मापाचा, साडेआठ बाय चौदा इंच. त्याचं प्रमाण १.६५. ४:३च्या पडद्यावर हा कागद दोन्ही बाजूंना काळे पट्टे सोडून मधेच उभा राहतो. १६:१०वर तो जवळजवळ काठोकाठ बसतो. त्यांनी १६:१०चाच घेतला आणि ते बरोबर केलं. अंबरनाथ एमआयडीसीत ए-३ ड्रॉइंग पाहणाऱ्यांचा प्रश्न निराळा आहे. अकरा इंचीवर ते ड्रॉइंग जेमतेम निम्मं दिसतं. त्यांनी तेरा इंचीच्या खाली उतरू नये.

तेव्हा ताई, ८.७ इंची घेऊ नका. पर्स थोडी मोठी घ्या.

वाचकांना एक विनंती. उल्हासनगरमध्ये ज्यांच्या घरी पन्नास-साठच्या दशकातली मूळ सनद जपून ठेवलेली आहे, त्यांनी तिची लांबी-रुंदी मोजपट्टीने मोजून मिलिमीटरमध्ये मला कळवावी. कागदावरची नावं किंवा क्रमांक नकोत, फक्त माप हवं.