‘शेड्यूल्ड कास्ट’ : एक शब्दप्रयोग आणि त्याची नोंद

प्रवेशाचे दिवस आले की अमरावती-अकोल्याकडील पालकांचे अर्ज शाळेत येऊ लागतात. जातीच्या रकान्यात कोणी ‘एस. सी. कास्ट’ लिहितो, तर कोणी ‘शेड्यूल कास्ट’. दोन्ही चूक.

‘शेड्यूल’ म्हणजे अनुसूची, अर्थात यादी. ‘शेड्यूल्ड’ म्हणजे त्या यादीत नोंदलेली. शेवटचा ‘ड’ गाळला की अर्थ हरवतो. ‘एस. सी. कास्ट’मध्ये तर जात दोनदा येते! वस्तुतः शेड्यूल्ड कास्ट नावाची कोणतीही जात नाही. तो अनेक जातींचा मिळून प्रवर्ग आहे. म्हणूनच १९३५ च्या भारत सरकार कायद्यात आणि संविधानाच्या अनुच्छेद ३४१ मध्ये ‘कास्ट्स’ असे अनेकवचन आहे. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली १९४२ साली नागपुरात स्थापन झालेल्या फेडरेशनच्या नावातही तेच आढळते. त्याआधी सरकारदरबारी ‘डिप्रेस्ड क्लासेस’ हा शब्द रूढ होता. तो हीनतादर्शक असल्याचा आक्षेप बाबासाहेबांनी १९३१ मध्ये गोलमेज परिषदेपुढे नोंदविला आणि ‘प्रोटेस्टंट हिंदू’ यांसारखे पर्यायही सुचविले. पुढे आलेला ‘शेड्यूल्ड’ हा शब्द निदान कोणाला हिणवत नाही. यादीत नाव आहे, एवढेच तो सांगतो.

खरी अडचण आपल्या घरांतील आहे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर अनेकांनी जातीच्या रकान्यातही ‘बौद्ध’ असेच लिहिले. त्यामागील स्वाभिमान मला पूर्णतः मान्य आहे. टाकून दिलेले नाव पुन्हा लिहिताना माझाही हात अडखळला होता. तथापि बौद्ध हा धर्म आहे. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतील बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळाल्या, पण यादी जातींचीच राहिली. म्हणून धर्म बौद्ध, प्रवर्ग अनुसूचित जाती, आणि जातीच्या रकान्यात यादीतील मूळ जातीचे नाव, अशा तीन नोंदी वेगवेगळ्या कराव्यात.

दर्यापूरकडील माझ्या एका विद्यार्थिनीच्या दाखल-खारीज रजिस्टरात जातीपुढे नुसते ‘एस. सी.’ होते. जात पडताळणीच्या वेळी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा हवा होता. वडिलांच्या दाखल्यावर ‘बौद्ध’ निघाले. अखेर आजोबांच्या गावच्या शाळेतील जुने रजिस्टर धुंडाळले, तेव्हा त्यात बोरूने लिहिलेला ‘महार’ हा एक शब्द सापडला. तिचा अभियांत्रिकीचा प्रवेश त्या शब्दावर झाला.