आजीचे शब्द तीस वर्षांनी उघडतील का?

कुंभकोणमच्या काही घरांत आजही मराठी ऐकू येते. तंजावरवर १८५५ पर्यंत भोसल्यांचे राज्य होते; त्या काळी आलेली कुटुंबे कावेरीकाठीच स्थिरावली. बडोद्याचे दिवाण राजा सर टी. माधवराव १८२८ मध्ये याच गावी जन्मले. ही मराठी मुख्यतः बोलण्यातूनच टिकली. म्हणून आजीचे शब्द, म्हणी, पाककृती लिहून ठेवायला हव्यात. पण कशात? आजचे ॲप उद्या बंद पडले, तर?

सर्वांत टिकाऊ वही म्हणजे साधी टेक्स्ट फाइल. ती वाचायला खास ॲप लागत नाही, कमांड लाइन पुरते. लिनक्स आणि मॅकवर ‘टर्मिनल’ असतेच. अँड्रॉइड फोनवर ‘टर्मक्स’ घेता येते. समजा, फाइलचे नाव ‘शब्द’ आहे. कमांड इंग्रजी अक्षरांत लिहा, जागा सोडा आणि फाइलचे नाव द्या.

• कॅट (सी-ए-टी): सगळा मजकूर एकदम दाखवते. १९७१ च्या युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलातही ती होती. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर तिच्याऐवजी ‘टाइप’ वापरा.

• लेस (एल-ई-एस-एस): मोठी फाइल पानापानाने दाखवते. पुढे जायला स्पेस, मागे यायला बी, बाहेर पडायला क्यू.

• हेड आणि टेल: पहिल्या किंवा शेवटच्या १० ओळी.

• ग्रेप (जी-आर-ई-पी): आधी हवा तो शब्द, मग फाइलचे नाव. तो शब्द असलेल्या ओळीच तेवढ्या दिसतात.

या कमांड फक्त दाखवतात, मजकूर बदलत नाहीत. मात्र फाइलच्या नावाआधी > हे चिन्ह चुकूनही देऊ नका. त्या फाइलमधला जुना मजकूर पुसला जातो.

मजकुराऐवजी अगम्य चिन्हे दिसली, तरी घाबरू नका. ‘कुंभकोणम’मध्ये आपल्याला पाच अक्षरे दिसतात. संगणक मात्र काना-मात्रा, अनुस्वार वेगळे धरून ८ चिन्हे मोजतो आणि यूटीएफ-८ पद्धतीत ती २४ बाइटमध्ये साठवतो. वाचणाऱ्या प्रोग्रॅमने दुसरी पद्धत धरली की गोंधळ होतो. बहुतेक वेळा मजकूर शाबूत असतो, फक्त वाचणे चुकते. काही टर्मिनलांत जोडाक्षरे सुटी दिसतात, तोही केवळ दिसण्यातला दोष.

म्हणून फाइल जतन करताना यूटीएफ-८ निवडा. मराठी आणि तमिळ दोन्ही एकाच फाइलमध्ये सुखाने नांदतील. एक प्रत दुसरीकडेही ठेवा. आज आजीला विचारून दहा शब्द लिहा. ‘हेड’ने ते पहिले दहा नातवंडांनाही दिसतील.