औषधी माउथवॉश आणि दातांवरील डाग



मुखारोग्याचा विषय विस्तृत आहे. त्यातील एकच प्रश्न मी निवडला आहे. कारण दंतवैद्य या नात्याने तो मला वारंवार विचारला जातो. औषधी माउथवॉशने दातांवर डाग पडतात काय, आणि पडत असतील तर ते वापरावे तरी केव्हा?

डाग पडतात, हे खरे आहे. परंतु सर्वच माउथवॉशने नव्हे. केवळ तोंडाला सुवास यावा म्हणून वापरायची द्रावणे निराळी आणि हिरड्यांच्या विकारावर दिले जाणारे क्लोरहेक्सिडिन निराळे. तक्रार मुख्यतः या दुसऱ्याविषयी असते. १९७० साली डेन्मार्कमध्ये झालेल्या एका प्रसिद्ध प्रयोगात असे दिसून आले की, दात घासणे थांबवूनही ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिनने रोज दोनदा चूळ भरली, तर दातांवर जंतूंचा चिकट थर धरत नाही. या औषधाचे कण धनभारित असल्यामुळे ते दातांना व तोंडातील त्वचेला चिकटतात आणि चूळ थुंकल्यानंतरही कित्येक तास आपले कार्य करीत राहतात.

जो गुण, तोच या दोषाचे मूळ आहे. दातांना चिकटलेले औषध चहा-कॉफीतील रंगद्रव्येही धरून ठेवते आणि दातांवर, जिभेवर तपकिरी छटा येते. काहींची चवही तात्पुरती बदलते. मात्र हा डाग वरवरचा असतो. फ्लोराइडयुक्त पाण्यामुळे बालपणी पडणारे डाग दाताच्या घडणीतच मुरलेले असतात. हा तसा नाही. घासून न गेला, तरी दंतवैद्याकडील सफाईने तो निघतो.

हिरड्यांना सूज येऊन रक्त येत असेल, दंतशस्त्रक्रिया झाली असेल किंवा आजारपणामुळे दात घासणे अशक्य असेल, तेव्हा हे औषध उपयोगी पडते. साधारणतः १० मिलिलिटर द्रव अर्धा ते एक मिनिट तोंडात खळखळवून थुंकावा. असे दिवसातून दोनदा, वैद्याने सांगितले तितकेच दिवस करावे. टूथपेस्टमधील फेस आणणारे द्रव्य त्याचा प्रभाव कमी करते, म्हणून दोहोंमध्ये अर्धा तास जाऊ द्यावा. चूळ भरल्यावर लगेच चहा घेऊ नये. ज्या बालकाला थुंकता येत नाही, त्याला ते देऊ नये. अंगावर पित्त उठल्यास ते बंद करून वैद्यास दाखवावे. ओठ सुजले वा श्वास लागला, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

डागाच्या भीतीने औषध मध्येच सोडणे योग्य नाही. परंतु महिनोन्महिने आपल्याच मनाने ते घेत राहणे अधिक घातक आहे. दुर्गंधी झाकली जाते, रक्तही थांबलेसे वाटते. पण हिरडीखालचे कीटण तसेच राहते, हाड झिजत जाते आणि एके दिवशी न दुखताच दात हलू लागतो. मिश्री वा तंबाखू वापरणाऱ्यांनी तर दोन आठवड्यांत न भरणारी तोंडातील जखम चुळांवर कधीही सोडू नये. अशा जखमेत कर्करोगाचा आरंभ असू शकतो.

पालकहो, डाग दिसतो म्हणून आपण दंतवैद्याकडे जातो. रोग दिसत नाही, म्हणून जात नाही. ही सवय घरोघरी बदलावी, एवढीच माझी विनंती आहे.