भडकलेला तारा आणि मंदावलेले क्ष-किरण

क्ष-किरण म्हटले की कृष्णविवर, ही सांगड आपल्या मनात पक्की बसली आहे. श्वेत बटू म्हणजे तर इंधन संपलेला, विझत चाललेला तारा. त्याच्याकडून क्ष-किरण कुठले, असेच वाटते. तो एकटा असेल तर हळूहळू थंड होत जातो, हे खरे. पण जोडीला दुसरा तारा असेल आणि त्याचा वायू श्वेत बटूकडे ओढला जात असेल, तर गोष्ट बदलते. पृथ्वीएवढ्या गोळ्यात जवळपास सूर्याइतके वस्तुमान ठासलेले असते. तिथे वायू सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने पोहोचतो, पृष्ठभागालगत त्याचा वेग मोडतो आणि तापमान कोट्यवधी अंशांवर जाते. क्ष-किरण निघतात ते या वायूतून.

हे किरण टिपणे दवाखान्यातल्या एक्स-रेसारखे नसते. ते यंत्र स्वतः किरण सोडून हाडांची सावली घेते. दुर्बीण फक्त आलेले किरण झेलते, तीही अवकाशातून, कारण वातावरण ते शोषून घेते. हे जोडतारे इतके दूर असतात, की चित्रात एक ठिपकाच दिसतो. खरी कमाई असते नोंदवहीची : कोणता किरण किती वाजता आला आणि किती ऊर्जा घेऊन आला. त्यावरून वायूचे तापमान कळते, श्वेत बटूची स्वतःभोवतीची फेरीही कळते.

सगळ्यात चिवट गैरसमज मात्र वेगळाच आहे : तारा डोळ्यांना जितका तेजस्वी, तितके त्याचे क्ष-किरण जास्त. हंस तारकासमूहातला एसएस सिग्नी हा रूपविकारी तारा, म्हणजे अशीच एक श्वेत बटूची जोडी, याचे उत्तर देतो. 1896 साली लुइसा वेल्स यांनी तो शोधला. साधारण सात-आठ आठवड्यांनी तो बाराव्या प्रतीपासून आठव्या प्रतीपर्यंत उजळतो, म्हणजे सुमारे चाळीस पट. ऑक्टोबर 1996 मधल्या अशा एका भडक्यात उपग्रहांनी त्याच्यावर नजर ठेवली. आधी दृश्य प्रकाश वाढला. सुमारे दिवसभराने क्ष-किरण वाढले आणि मग, तारा डोळ्यांना लखलखत असतानाच, एकाएकी घसरले. त्याच वेळी अतिनील किरण उसळले.

कारण सुंदर आहे. शांत काळात पृष्ठभागाशी वायू विरळ असतो. त्याला उष्णता बाहेर टाकणे जमत नाही, म्हणून तो प्रचंड तापतो आणि तीव्र क्ष-किरण देतो. भडक्यात श्वेत बटूभोवती फिरणाऱ्या वायूच्या तबकडीतला वायू लोंढ्याने येतो, दाट होतो आणि काही लाख अंशांवरच आपली ऊर्जा टाकून मोकळा होतो. म्हणजे ऊर्जा अधिक, पण तीव्र क्ष-किरण कमी.

अशा भडक्याला स्फोट समजणेही चुकीचे. तबकडीत साठलेला वायू आत घसरतो, एवढेच. श्वेत बटू जागच्या जागी राहतो. पृष्ठभागावर साठलेल्या हायड्रोजनचा खरोखर स्फोट होतो तो नवताऱ्यात, आणि त्यातूनही श्वेत बटू वाचतो.

क्ष-किरणांची ही दुनिया आपल्यालाही परकी नाही. 28 सप्टेंबर 2015 रोजी सुटलेल्या भारताच्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहावरची सौम्य क्ष-किरण दुर्बीण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडली. दृश्य प्रकाशातला भडका पाहायला तर उपग्रहही लागत नाही. ऑक्टोबरच्या संध्याकाळी, शहराच्या उजेडापासून दूर जाऊन, नकाशा हाताशी ठेवून द्विनेत्री हंसाकडे वळवा. एसएस सिग्नी भडकलेला असेल, तर तो तुम्हाला दिसेल.