साक्षीदाराची विश्वासार्हता: उलटतपासात नेमके काय मोडते?

फौजदारी खटल्यात साक्षीदार पोलिसांना दिलेल्या जबाबापेक्षा वेगळे बोलला की त्याची साक्ष संपली, आरोपी सुटला, असा समज वर्तमानपत्रांच्या मथळ्यांनी घट्ट केला आहे. मुळात पोलिसांपुढील जबाब हा पुरावाच नसतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 180 खाली (म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 161 खाली) तपासी अंमलदार जो जबाब लिहून घेतो, त्याला शपथेचा आधार नसतो, त्यावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते, आणि न्यायालयात तो साक्षीदाराशी विरोध दाखवण्यापुरताच वापरता येतो. त्यातील मजकुराच्या बळावर कोणालाही दोषी ठरवता येत नाही. पुरावा असतो तो पिंजऱ्यात शपथेवर सांगितलेला, आणि विश्वासार्हतेचे सगळे वाद या दोन कथनांमधील अंतरावरून उभे राहतात.

हे अंतर कसे पडते, हे जबाबाचा कागद पाहिल्याशिवाय नीट कळत नाही. ‘समक्ष विचारल्यावरून जबाब देतो की’ अशी सुरुवात, प्रत्येक आरोपीसाठी ‘सदर इसम’, प्रत्येक भांडणात ‘शिवीगाळ करून लाथाबुक्क्यांनी मारहाण’ ही ठरीव भाषा साक्षीदाराची नसून लिहून घेणाऱ्याची असते. शेतमजूर असो वा प्राध्यापक, दोघांचे जबाब एकाच साच्यातून निघतात, त्यामुळे कागदावर काय आले आणि काय गळले याचा पूर्ण भार बोलणाऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे ठरते. उलटतपासात मग ते वाक्य येते, जे महाराष्ट्रातील सत्र न्यायालयांच्या नोंदींत जागोजाग आढळते: ‘मी असे पोलिसांना सांगितले होते, ते माझ्या जबाबात का लिहिले नाही, याचे कारण मला सांगता येणार नाही.’ पुष्कळदा ते उत्तर शब्दशः खरे असते.

जबाबात नसलेली प्रत्येक गोष्ट म्हणजे विसंगती, हा दुसरा समज. तहसीलदार सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या 1959 च्या निकालात, घटनास्थळी गॅसबत्ती असल्याचे पोलिसांना सांगितले होते का, यासारख्या प्रश्नांवरून हा वाद सर्वोच्च न्यायालयापुढे गेला, आणि बहुमताने असे ठरले की केवळ अनुल्लेख हा विरोध नव्हे. जबाबात जे लिहिले आहे त्याच्याशी साक्ष एकत्र टिकूच शकत नसेल, तरच अनुल्लेखाला विरोधाचे मोल येते. कायद्यात आज जोडलेले स्पष्टीकरण हाच विचार पुढे नेते: गाळलेली बाब महत्त्वाची आणि त्या संदर्भात सुसंगत असेल तर ती विसंगती ठरू शकते, आणि तशी ती आहे की नाही हा त्या त्या खटल्यातील वस्तुस्थितीचा प्रश्न असतो.

शिवाय विसंगती नुसती दाखवून भागत नाही, ती सिद्ध करावी लागते. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 148 नुसार (जुने कलम 145) जबाबातील नेमका भाग आधी साक्षीदाराच्या नजरेस आणून द्यावा लागतो. तो नाकारल्यास त्या भागाला ‘अ’ अशी खूण केली जाते, आणि पुढे तपासी अंमलदार पिंजऱ्यात आल्यावर ‘साक्षीदाराने मला असेच सांगितले होते’ हे त्याच्याकडून वदवून घ्यावे लागते. ही शेवटची पायरी चुकली की बचाव पक्षाने तासभर रंगवलेला विरोध नोंदीत अर्धवटच राहतो.

‘फितूर’ या शब्दाभोवतीचा गैरसमज सर्वांत चिवट आहे. साक्ष्य अधिनियमाच्या संबंधित कलमात हा शब्दच नाही. तिथे एवढेच आहे की न्यायालय स्वविवेकाने, साक्षीदार बोलावणाऱ्या पक्षालाच त्याला उलटतपासातले प्रश्न विचारण्याची परवानगी देऊ शकते. पंचनाम्यावर सही केली पण समोर काही जप्त झाले नाही, असे पंच सांगू लागला की सरकारी वकील हीच परवानगी मागतात. ती मिळाल्याने साक्ष पुसली जात नाही. सत पाल विरुद्ध दिल्ली प्रशासन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले, आणि 2006 मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने, अशा साक्षीतील कोणत्याही भागावर विसंबता येते, हे कलमातच लिहिले गेले. एका बाबतीत खोटा तो सर्व बाबतींत खोटा, हे रोमन वळणाचे सूत्र भारतात कायद्याचा नियम म्हणून स्वीकारलेले नाही. दाणे आणि फोलपट वेगळे करता येत असतील तोवर न्यायाधीशाने ते पाखडलेच पाहिजेत.

नातेवाइकाची साक्ष बिनकामाची, हेही तितकेच निराधार आहे, कारण जवळचा माणूस खऱ्या मारेकऱ्याला सोडून निरपराध्याला सहसा गोवत नाही, असे 1953 च्या दलीप सिंग प्रकरणापासून मानले गेले आहे; आणि अशी साक्ष एकटीच असली तरी चालते, कारण साक्षीदारांच्या किमान संख्येची अट कायद्यात नाही.

साक्षीदाराचे चारित्र्य काढले की विश्वासार्हता आपोआप ढासळते, या समजाचा इतिहास मात्र महाराष्ट्रासाठी जिव्हारी लागणारा आहे. 1872 च्या पुरावा कायद्यातील कलम 155(4) बलात्काराच्या खटल्यात तक्रारदार स्त्री ‘सर्वसाधारणपणे अनैतिक वर्तनाची’ असल्याचे दाखवू देत होते. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात 1972 मध्ये घडलेल्या प्रकरणात सत्र न्यायालयाने एका आदिवासी मुलीच्या पूर्वायुष्यावर बोट ठेवून आरोपींना सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरवले, पण सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये पुन्हा मुक्त केले. त्या निकालाविरुद्ध देशभर संताप उसळला, तरी हे उपकलम रद्द व्हायला 2002 ची दुरुस्ती उजाडावी लागली. 2013 नंतर अशा खटल्यांत संमतीचा प्रश्न असताना पीडितेचे चारित्र्य किंवा पूर्वीचे लैंगिक संबंध उलटतपासात विचारण्यालाच मनाई झाली, आणि तीच तरतूद नव्या अधिनियमाच्या कलम 149 मध्ये कायम आहे. असा प्रश्न आल्यास साक्षीदाराने उत्तर देण्यापूर्वीच तो नाकारणे हे न्यायाधीशाचे काम आहे. सरकारी वकिलाने हरकत घेतली नाही, एवढ्याने तो प्रश्न वैध होत नाही.