लोकमताचं कंत्राट

मागच्या व्याख्यानानंतर आलेला एक प्रश्न आधी घेतो. कंपनीने पैसे दिले म्हणून एखादी संघटना लगेच खोटी ठरते का? नाही ठरत. कोळसा खाणीतल्या कामगाराला नोकरीची भीती खरोखरच वाटते. ती मांडणाऱ्या गटाला कंपनीने उघडपणे मदत केली, तर आपण तिच्याशी वाद घालू शकतो. गडबड होते ती पैसा झाकला की. अमेरिकेत याला ‘अ‍ॅस्ट्रोटर्फ’ म्हणतात. हे मैदानावर अंथरायच्या कृत्रिम गवताचं नाव. गवत हिरवंगार, पण खाली मुळं नाहीत.

२००९ सालचं उदाहरण बघा. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहापुढे कार्बन उत्सर्जनाला मर्यादा घालणारं वॅक्समन-मार्की विधेयक होतं. व्हर्जिनियाचे खासदार टॉम पेरिएलो यांच्याकडे पत्रं आली : विजेची बिलं वाढतील, अल्पसंख्याकांना झेपणार नाहीत. पत्रांवर नावं होती शार्लट्सव्हिलमधल्या लॅटिनो लोकांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेचं आणि एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या जुन्या संघटनेच्या शाखेचं. आणि या संस्थांना त्याचा पत्ताच नाही! पत्रं बनावट होती.

ती आली कुठून? कोळशाच्या विजेची बाजू मांडणाऱ्या उद्योग-आघाडीने काम दिलं हॉथॉर्न ग्रुपला. हॉथॉर्नने पोटकंत्राट दिलं बॉनर अँड असोसिएट्सला. बॉनरने एका तात्पुरत्या कर्मचाऱ्यावर बोट ठेवलं. कंत्राटाच्या उतरंडीचा हाच तर फायदा असतो. मतदान झालं २६ जूनला, २१९ विरुद्ध २१२. बनावट पत्रांची गोष्ट आघाडीला मतदानाआधीच कळली होती, खासदारांना मात्र ती नंतर कळली. पेरिएलोंनी तरीही विधेयकाच्या बाजूने मत दिलं. पुढे सिनेटमध्ये ते अडलं, तो वेगळा विषय.

आता, एवढा खटाटोप पत्रांसाठी का? टीव्हीवर जाहिरात देता आली असती की! पण जाहिरात तुमचं-माझं मत बदलायला असते. हे पत्र एकाच माणसासाठी असतं. आपले मतदार काय म्हणताहेत, हा त्याचा अंदाज चुकवायचा. जनतेचं मत आहे तिथेच राहिलं तरी चालतं.

हॉथॉर्नचं नाव पुन्हा आलं न्यू ऑर्लिन्समध्ये. एन्टर्जी या वीज कंपनीला तिथे गॅसवर चालणारं वीजकेंद्र हवं होतं. २०१७-१८च्या सुनावण्यांना समर्थक म्हणून भाड्याचे नट बसवले गेले. नुसतं बसायचे ६० डॉलर, बोलायचे २००. आपल्याला हे ठाऊक नव्हतं, असं कंपनी म्हणाली. ठाऊक होतं किंवा असायला हवं होतं, असं चौकशीत निघालं. नगर परिषदेने ५० लाख डॉलर दंड केला.

यातली मला सगळ्यात खुपणारी गोष्ट दंडाची नाही. सभागृह भरलं म्हणून केंद्राला विरोध करणारे काही रहिवासी दाराबाहेरच राहिले. केंद्राची मंजुरी मात्र परिषदेने कायम ठेवली.