चिखलातला सामना आणि पालकांच्या शंका



ऑगस्टमध्ये आपल्या मैदानावर चौदा वर्षांखालील मुलांचा रग्बी सामना झाला. आदली रात्रभर पाऊस पडला होता. आपला संघ १०-५ असा हरला. दुसऱ्या दिवशी एका विद्यार्थ्याची आई चिखलाने माखलेली जर्सी पिशवीत घालून माझ्याकडे आली. म्हणाली, "सर, मुलाला शाळेत पाठवते की म्हशींबरोबर डुंबायला?" विश्वस्तांच्या बैठकीतही पावसाळ्यात हा खेळ बंद ठेवावा, अशी सूचना आली.

दोन्ही शंका रास्त आहेत. मी हिंदी माध्यमात शिकलेला, कबड्डी आणि खो-खो खेळून मोठा झालेला माणूस. रग्बी मलाही नवीनच. म्हणून क्रीडा शिक्षकांकडून जे समजून घेतले, ते इथे मांडतो.

आपली मुले खेळतात ती सात-सात जणांची रग्बी. २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये हाच प्रकार होता. सात-सात मिनिटांचे दोन डाव असतात. चेंडू हातात घेऊन पुढे धावता येते, पण हाताने पास मात्र बाजूला किंवा मागेच द्यावा लागतो. कबड्डीत जशी पकड, तसा इथे टॅकल. तो चेंडू ज्याच्या हातात आहे त्यालाच करायचा, आणि खांद्याच्या रेषेखालीच. प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की 'ट्राय', म्हणजे पाच गुण. त्यानंतर किक मारून आणखी दोन गुण मिळवता येतात.

आता चिखलाने काय होते ते पाहा. ओला चेंडू साबणाच्या वडीसारखा निसटतो. तो हातातून पुढे पडला तर चूक धरतात आणि संधी दुसऱ्या संघाला जाते. म्हणून पास जवळचे द्यायचे, चेंडू छातीशी धरायचा. सातांच्या रग्बीत ट्रायनंतरची किक चेंडू जमिनीवर टाकून, तो उसळताच मारायची असते. चिखलात चेंडू उसळतच नाही. आपल्या सामन्यात तीन ट्राय झाले आणि तिन्ही किक वाया गेल्या. १०-५ हा आकडा असा आला.

मोठ्यांचेही असे सामने झाले आहेत. १९७५ साली ऑकलंडमध्ये न्यूझीलंड आणि स्कॉटलंड यांचा सामना पाण्याने भरलेल्या मैदानावर झाला. न्यूझीलंड २४-० ने जिंकले. लोक आजही त्याला 'वॉटर पोलो'चा सामना म्हणतात. आपल्या मुंबईत तर रग्बी पावसाळ्यातच रुजली. बॉम्बे जिमखान्याच्या ज्या मैदानावर १९३३ मध्ये भारतातला पहिला कसोटी क्रिकेट सामना झाला, तिथे पावसाळ्यात रग्बी खेळतात.

याचे कारण सोपे आहे. मऊ जमिनीवर पडल्यास मार कमी लागतो. उन्हाळ्यात आपली माळव्याची काळी माती तडकून दगडासारखी होते, तिच्यावर आपटणे जास्त वाईट. पण चिखल अगदीच निर्धोक आहे असेही नाही. पाय रुतलेला असताना शरीर वळले तर गुडघा मुरगळतो. मातीत धनुर्वाताचे जंतू असतात, म्हणून लहानसे खरचटलेलेही साबणाने धुवायला हवे.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. मध्यंतरात आभाळ गडगडले. पाहुणे बसले होते, म्हणून मी म्हटले, "सातच मिनिटे उरली आहेत, उरकून घ्या." क्रीडा शिक्षकांनी ऐकले नाही. त्यांनी मुलांना व्हरांड्यात आणले. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजायचे. आवाज एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे ३० सेकंदांत साधारण दहा किलोमीटर. तीस किंवा त्याहून कमी सेकंद भरले तर मैदान सोडायचे आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे थांबायचे. आम्ही थांबलो. मला राग आला होता, पण बरोबर तेच होते. खेळ धोक्याचा वाटला तर सामना थांबवण्याचा अधिकार पंचांना असतो. तिथे प्राचार्यांचे चालत नाही, आणि चालूही नये.

विश्वस्तांपुढे माझा प्रस्ताव असा आहे. खेळ बंद करू नये, पण नियम पक्के करावेत:

१. मैदानात पाणी साचले असेल किंवा वीज चमकत असेल तर सामना नाही.
२. डोक्याला मार लागल्याची नुसती शंका आली तरी मुलगा बाहेर. त्या दिवशी तो परत खेळणार नाही आणि त्याला डॉक्टरांना दाखवायचे.
३. दहाव्या वर्षीची टीडी लस घेतल्याची नोंद शाळेत हवी. ही लस राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकात आहे. सरकारी केंद्रात मोफत मिळते.
४. घरी जाण्यापूर्वी शाळेच्या नळावर हातपाय आणि जखमा धुणे सक्तीचे.

पाचवा नियम जर्सी घेऊन आलेल्या ताईंसाठी. जर्सी ज्याची, धुणार तोच. त्यांच्या चिरंजीवांनी त्याच दुपारी शाळेच्या नळावर ती घासली. डाग पूर्ण गेले नाहीत, पण काळी माती हटवायला किती पाणी आणि किती वेळ लागतो, ते त्याला कळले.

पुढच्या सामन्याला पालकांनी जरूर यावे. छत्री आणावी.

आपला,
प्राचार्य